व्हिसा नाही गो, मार्का नाहीये तुझा

पत्र थोडक्यात सांगते, नाव गाळून. लिहिणारी २९ वर्षांची, चिपळूणची. दोन महिन्यांपूर्वी एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर टेक्ससला गेली, डॅलसच्या बाजूला. इकडे अकरा वर्षं गाडी चालवली, एकदाही क्लेम नाही, एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याची सूट पार ५० टक्क्यांवर पोचलेली. तिकडे १४,००० डॉलरची एक सेकंडहँड गाडी बघून ठेवलीय, पण इन्शुरन्सचे कोट म्हणजे हप्त्याचे दर काढले तर सहा महिन्यांचे कमीत कमी १५०० डॉलर, एका ठिकाणी २४००, आणि एका कंपनीने सरळ नाहीच म्हटलं. तिचं म्हणणं, माझा व्हिसा टेंपररी आहे हे बघून लुटतायत. एक मराठी दादा आहे तिकडे, ज्याने तिला विमानतळावरून आणलं, पहिले दहा दिवस घरी ठेवून घेतलं, तो म्हणतोय गाडी माझ्या नावावर घे, माझ्याच पॉलिसीत टाकतो, तू मला महिन्याला पैसे दे, निम्म्यात काम होईल. बाबा चिपळूणहून म्हणतायत, थर्ड पार्टी घे आणि मोकळी हो, अकरा वर्षांत कुठे काय झालंय. ऑक्टोबरात आईबाबा जाणारेत तिकडे आणि बाबांना ती गाडी चालवायचीय. "ताई, तिघांपैकी कोणाचं ऐकू? आणि दादाला नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने?"

अगो, तिघं म्हणजे दादा, बाबा आणि तिसरी तूच ना? मग तुझ्यापासूनच सुरू करते, कारण बाकीच्या दोघांचं चुकतंय असं तुला आतून वाटतंय म्हणूनच तू लिहिलंस, पण स्वतःचं चुकतंय असं काही वाटलेलं दिसत नाही.

तू कोटचे स्क्रीनशॉट जोडलेस ते मी चष्मा लावून दोनदा वाचले. जन्मतारीख विचारलीय, गाडी रात्री कुठे उभी राहणार तो पत्ता विचारलाय, लायसन्स कुठल्या राज्याचं, किती वर्षं झाली, आधीची पॉलिसी किती महिने सलग चालू होती, अपघात किंवा दंड झालाय का. व्हिसा कुठला, कधी संपतो, असा प्रश्न सगळ्या फॉर्ममध्ये मिळून मला एकदाही सापडला नाही. आणि तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये बघ, लायसन्सच्या जागी तू "फॉरेन" निवडलंस आणि पुढे वर्षांच्या चौकटीत शून्य आलंय. म्हणजे कंपनीच्या हिशोबाने तू २९ वर्षांची, काल पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावलेली बाई आहेस. तिथेच जन्मलेला एखादा पोरगा २९ व्या वर्षी पहिलं लायसन्स काढून आला, आधीची पॉलिसी नाही, क्रेडिट म्हणजे कर्ज-कार्ड वेळेवर फेडल्याची नोंद नाही, तर त्यालाही असाच कोट येणार, आणि त्याच्याकडे तर अमेरिकेचा पासपोर्ट असतो.

व्हिसाचा काहीच संबंध नाही असं म्हणत नाहीये मी. तो मागच्या दाराने येतो. तुझ्यासारख्यांना टेक्ससमध्ये जे लायसन्स मिळतं ते लिमिटेड टर्म, म्हणजे तुझ्या आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, मुक्कामाची जी तारीख आहे तिथपर्यंतच. क्रेडिट हिस्टरी दोन महिन्यांची, म्हणजे नसल्यातच जमा, आणि टेक्ससमध्ये कंपन्यांना दर ठरवताना क्रेडिट बघायची परवानगी आहे (कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईत नाही, तिकडे असलेल्या वाचकांनी हे लक्षात ठेवा). पण हे सगळं नवखेपणाचं दुखणं आहे, परकेपणाचं नाही. परकेपणावर इलाज नसतो, मग माणूस चिडतो आणि दादाच्या नावावर गाडी घ्यायला तयार होतो. नवखेपणावर इलाज आहे.

मी स्वतः अकरा वर्षं तिकडे काढून परत आले आणि आता रत्नागिरीजवळ सासऱ्यांची कलमं बघते. पहिल्या वर्षी वाशीला पेट्या पाठवल्या तर दलालाने एकूण एक पेटी फोडून बघितली, खालच्या थरातला आंबा काढून दाबून बघितला, आणि भाव शेजारच्या बागेपेक्षा कमी लावला. आंबा तोच, कातळ तोच, मधे फक्त एक गडगा. मी फोनवर कचाकचा भांडले. तो शांतपणे म्हणाला, मॅडम तुमचा आंबा चांगलाच असेल हो, पण तुमचा मार्का मी ओळखत नाही. चौथ्या वर्षी तोच माणूस पेटीवरचा मार्का बघून न फोडता बाजूला ठेवायला लागला. जुलैच्या धुक्यात कुंभार्ली घाट उतरणारी तू, तुझा आंबा चांगला आहे ह्यात मला शंकाच नाही. पण तिथल्या दलालाला कुंभार्ली माहीत नाही, एमएच-०८ म्हणजे काय ते माहीत नाही, त्याला तुझा मार्का माहीत नाही. तेव्हा पुढचं सगळं वाचताना एवढंच धरून चाल की तुझा स्वतःचा मार्का लवकरात लवकर चालू व्हायला हवा, आणि जे त्याला उशीर करेल ते आज निम्म्यात पडलं तरी तुला महागच.

आता क्रम कुठे चुकला ते सांगते. तू गाडी आधी बघितलीस, कोट आधी मागितलेस, आणि लायसन्सची ड्रायव्हिंग टेस्ट अजून तीन आठवड्यांवर आहे. उलटं कर. टेक्ससमध्ये राहायला गेल्यापासून ९० दिवस बाहेरच्या लायसन्सवर चालवता येतं, मग तिथलं लागतंच, तुझे साठ गेलेत. काही देशांबरोबर त्यांचा लायसन्स बदलून द्यायचा करार आहे, भारताबरोबर नाही, म्हणून लेखी आणि चालवायची दोन्ही परीक्षा तुला द्याव्या लागतायत, त्यात अपमान वाटून घेऊ नकोस. आरटीओत हजार रुपये भरून आणलेलं ते आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल परमिट हे तुझ्या इकडच्या लायसन्सचं एक वर्षाचं भाषांतर आहे फक्त, भाड्याची गाडी घेताना उपयोगी पडतं, इन्शुरन्सवाल्यासमोर त्याला फार किंमत नाही. टेक्ससचं लायसन्स हातात आलं की तेच फॉर्म परत भर. ज्या कंपनीने नाही म्हटलं तिचंही उत्तर बदलू शकतं, कारण काही कंपन्या परदेशी लायसन्सवर पॉलिसी देतच नाहीत, तू कोण आहेस हे बघायच्या आधीच फॉर्म बाद होतो.

आणि ह्या तीन आठवड्यांत इकडून दोन कागद मागव. तुझ्या इथल्या इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबीचं पत्र, ज्यात किती वर्षं क्लेम नाही ते लिहिलेलं असेल, कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत. बाबांना पाठव शाखेत, ईमेल करत बसलीस तर गणपती येतील. दुसरं म्हणजे सारथी पोर्टलवरून लायसन्सचा उतारा, ज्यात पहिलं लायसन्स कधीचं ते दिसतं. आता खरं सांगायचं तर बऱ्याच कंपन्या हे कागद बघणारसुद्धा नाहीत. पण काही जणी परदेशातला अनुभव थोडाफार धरतात, आणि ते फॉर्ममध्ये कधीच कळत नाही, फोनवरच कळतं. म्हणून फोन करून सरळ एवढंच विचारायचं: परदेशातला ड्रायव्हिंगचा अनुभव तुम्ही धरता का, धरत असाल तर कुठला कागद लागतो? नाही म्हणाले तर थँक्यू, पुढचा नंबर. वाद घालायचा नाही, फोनवरच्या मुलीच्या हातात काही नसतं.

आता बाबांचं. त्यांचा सल्ला इथे चिपळुणात बसून बरोबर आहे आणि तिथे डॅलसमध्ये घातक आहे, आणि ह्याचं कारण बाबांना नीट समजावून सांग म्हणजे ते स्वतःच मागे घेतील.

आपल्याकडे थर्ड पार्टीत समोरचा माणूस दगावला किंवा जखमी झाला तर भरपाई कोर्ट ठरवतं आणि ती कंपनी भरते, त्याला वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाख. तिकडे लायबिलिटीला, म्हणजे तिथल्या थर्ड पार्टीला, आकडे असतात आणि ते तू विकत घेतलेस तेवढेच. टेक्ससचं कायद्याने कमीत कमी म्हणजे ३०/६०/२५, एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, सगळे मिळून एका अपघाताला ६०,०००, आणि समोरची गाडी-भिंत वगैरेला २५,०००. त्याच्या वर जे होईल ते तुझं. तिथल्या हॉस्पिटलात हाड मोडून शस्त्रक्रिया झाली आणि चार दिवस राहिलं की ३०,००० कुठे गेले कळत नाही, आणि रस्त्यावर जे मोठाले पिकअप ट्रक फिरतायत त्यातला नवीन एखादा २५,००० मध्ये येतसुद्धा नाही. वरचे पैसे मागायला वकिलाची नोटीस येते, तुझ्या बचतीवर नजर जाते. म्हणून मी म्हणेन १००/३००/१०० चा कोट माग. कमीत कमीवाल्यात आणि ह्याच्यात फरक किती पडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ, बहुतेक वेळा वाटतो त्यापेक्षा कमी असतो, कारण नवख्या माणसाचे पैसे ते पहिल्या टप्प्यावरच घेऊन बसलेले असतात.

अजून दोन गोष्टी टेक्ससमध्ये कंपनीने द्यायलाच लागतात आणि नको असतील तर तू लेखी नाही म्हणावं लागतं. एक पीआयपी, म्हणजे चूक कोणाची का असेना तुझ्या आणि गाडीतल्या लोकांच्या उपचाराचे पैसे. दुसरं अनइन्शुअर्ड मोटरिस्ट, म्हणजे ठोकणाऱ्याकडे पॉलिसीच नसली तर. घाईत ऑनलाइन पॉलिसी काढताना दोन चौकटींवर टिक होते आणि माणूस ह्या दोन्हीला नाही म्हणून बसतो, कळतसुद्धा नाही. दोन्ही ठेव. बिनपॉलिसी पकडलं तर पहिल्या वेळी १७५ ते ३५० डॉलर दंड आहे, म्हणजे काही लोक तो दंड परवडतो असा हिशोब करून फिरतात, आणि नेमके तेच आपल्याला येऊन ठोकतात.

स्वतःच्या गाडीचं काय? २२ जुलै २०२१ तुला सांगायला नको. वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत आली, चिंचनाक्यापर्यंत गाड्या तरंगत होत्या. पाणी ओसरल्यावर ज्यांची नुसती थर्ड पार्टी होती ते चिखलातल्या गाडीसमोर उभे राहून फोटो काढत होते, त्याचा उपयोग शून्य. कॉम्प्रिहेन्सिव्हवाल्यांना मिळाले, आणि त्यातही ज्यांनी पाण्यातून निघाल्या निघाल्या किल्ली फिरवून बघितली त्यांच्या इंजिनाला कंपन्यांनी नाही म्हटलं, कारण इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन नव्हतं. माझ्या मावसभावाने नेमकं हेच केलं. बाबांना एवढं आठवून दिलंस की थर्ड पार्टीचा विषय संपेल बघ.

पण इथे एक मोठ्ठा खड्डा आहे आणि मी त्यात पडलेली आहे. आपल्याकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हटलं की सगळं आलं, थर्ड पार्टी, पूर, चोरी आणि आपण स्वतः कुठे ठोकली तर तेही. अमेरिकेत कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे चोरी, पूर, गारपीट, आग, हरीण आडवं आलं, झाड पडलं, एवढंच. स्वतः कुठे आपटलीस तर त्याला कोलिजन वेगळं घ्यावं लागतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं, शब्द ओळखीचा होता ना. लायबिलिटी अधिक कॉम्प्रिहेन्सिव्ह घेऊन मी सहा महिने ऐटीत फिरले. एका शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना मागचा पिवळा लोखंडी खांब दिसला नाही, जाऊन धडकले आणि बंपर एका बाजूने लोंबायला लागला. क्लेमला फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाली, खांबाला तुम्ही धडकलात की खांब तुम्हाला? तुमच्याकडे कोलिजन नाहीये. पुढचे चार महिने बंपर पॅकिंगच्या चिकटपट्टीवर, ऑफिसात सगळे गाडी ओळखायला लागले.

तुझी गाडी १४,००० ची आहे, तेव्हा दोन्ही घे. कर्ज काढून घेतलीस तर बँक दोन्ही घ्यायलाच लावते. तीन हजाराचा खटारा असता तर मी कोलिजन सोड म्हटलं असतं. डॅलसच्या बाजूला वसंतात गारा पडतात त्या आपल्या वळवाच्या गारा नव्हेत, लिंबाएवढ्या पडतात आणि टपाला खळगे पाडतात, त्यामुळे कॉम्प्रिहेन्सिव्ह तर सोडूच नकोस, तुझ्या पार्किंगला छप्पर नाही असं तूच लिहिलंयस. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातली रक्कम, आपल्याकडे हजार-दोन हजार रुपये असते म्हणून आपण बघत नाही. तिकडे ५०० किंवा १००० डॉलर असते. हजार डॉलर बाजूला पडलेले असतील तर १००० ची ठेव, हप्ता उतरतो. नसतील तर ५०० ची. पहिला पगार आत्ता झालाय तर हे प्रामाणिकपणे ठरव, ऐटीत नको.

दादाकडे येते. तो वाईट माणूस आहे असं मला अजिबात वाटत नाही, उलट परक्या गावात दहा दिवस ठेवून घेणारा माणूस म्हणजे सोनं. त्याने स्वतः कधीतरी असंच निभावलं असेल आणि काही झालं नसेल, म्हणून त्याला हा सरळ मार्ग वाटतो. पण कागदावर काय होतंय ते बघ. गाडीचा मालक तो, रोज चालवणार तू, गाडी रात्री उभी राहणार तुझ्या अपार्टमेंटखाली आणि पॉलिसीवर पत्ता त्याच्या घराचा. हप्ता निम्मा होतो तो ह्या खोट्या पत्त्यामुळे आणि खोट्या मुख्य ड्रायव्हरमुळे, दादाच्या पुण्याईमुळे नाही. क्लेम आला की माणूस फोन करून विचारतो, गाडी रोज कोण चालवतं, रात्री कुठे असते. तिथे तुम्हा दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलणार, किंवा खरं बोलणार आणि कंपनी पैसे नाकारणार, पॉलिसी रद्द करणार. तुझ्या हातून समोरच्याला लागलं तर मालक म्हणून नोटीस दादाच्याही दारात जाऊ शकते. आणि समज काहीच झालं नाही, दोन वर्षं सुखाची गेली, तरी त्या दोन वर्षांच्या शेवटी तुझ्याकडे काय? तुझ्या नावाची सलग पॉलिसी शून्य महिने. तू परत त्याच शून्याच्या चौकटीसमोर, फक्त ३१ वर्षांची. पेट्या तू पाठवल्यास आणि मार्का दादाचा छापलास.

तू त्याच्याच घरात राहत असतीस तर गोष्ट वेगळी होती, एका छपराखाली राहणाऱ्यांना एका पॉलिसीत ड्रायव्हर म्हणून रीतसर नाव घालता येतं, तसं खरं घालावंच लागतं, आणि ते तुझ्याही खात्यात जमा होतं. रूममेटबरोबर राहणाऱ्यांनी हे बघून ठेवा. पण तू वीस मैलांवर राहतेस.

मग हप्ता कमी करायचा कसा? एक म्हणजे गाडी घ्यायला अजून दोन-तीन महिने असतील आणि अधूनमधून भाड्याने किंवा कोणाची घेत असशील तर नॉन-ओनर पॉलिसी मिळते, गाडी नसलेल्या माणसाची लायबिलिटी, स्वस्त असते आणि तुझ्या नावाने महिने मोजायला सुरुवात होते. तुझी गाडी पुढच्याच महिन्यात येतेय म्हणून तुला नको, पण ऑफिस चालत जाण्यासारखं असलेल्यांना फार कामाची. दुसरं, एका कंपनीच्या एजंटकडे न जाता इंडिपेंडंट एजंट गाठ, तो एका बैठकीत पाचसहा कंपन्यांचे दर काढतो. नुसत्या कोटने क्रेडिट स्कोअर पडत नाही, तेव्हा बिनधास्त दहा काढ. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो "एजंट" रोख पैसे मागून कार्ड देतो त्याच्यापासून लांब, टेक्ससच्या इन्शुरन्स खात्याच्या साइटवर एजंटचं लायसन्स तपासता येतं, दोन मिनिटांचं काम. पोलिसांनी मागितलं तर कार्ड दाखवावंच लागतं, आणि पॉलिसी खरी आहे की नाही हे ते टेक्सस शुअर नावाच्या यंत्रणेवर गाडीवरूनच बघतात.

मोबाइलमधलं ॲप जे तुझं ड्रायव्हिंग बघतं, त्याला बरेच लोक नाक मुरडतात, मीसुद्धा मुरडलं असतं, पण तुझ्यासारखीला ते फायद्याचं आहे, कारण मार्का बनायला वर्षं लागतात ते काम ॲप काही महिन्यांत थोडंफार करतं. फक्त करकचून ब्रेक मारू नकोस आणि रात्री उशिराची फेरी टाळ, ते हेच मोजतात. हॉर्न मोजत नाहीत, पण तो तिकडे वाजवायचाच नसतो.

तिकडची पॉलिसी बहुतेक सहा महिन्यांची असते, आपल्यासारखी वर्षाची नाही, आणि हे तुझ्या पथ्यावर पडणारं आहे. आज एक क्रेडिट कार्ड घे, मिळत नसेल तर डिपॉझिट ठेवून मिळणारं घे, त्यावर फक्त किराणा टाक आणि पूर्ण बिल भरत जा. साधारण सहा महिने खातं जुनं झालं की स्कोअर तयार होतो, आणि त्याच सुमाराला पहिली पॉलिसी संपते. तेव्हा रिन्यू करायच्या आधी परत दहा कोट. लोक इथेच आळस करतात, पहिल्या कंपनीशी लग्न लावल्यासारखे राहतात आणि तीन वर्षं नवख्याचाच दर भरतात. एक मात्र जपायचं, मधे खंड नको. हप्ता ऑटोपेवर टाक, एक चुकला आणि पॉलिसी बंद पडली तर परत पहिल्यापासून. सुट्टीला महिनाभर इकडे येशील तेव्हासुद्धा बंद करू नकोस, कंपनीला विचारून कव्हर कमी करता आलं तर कर, कर्ज असेल तर तेही नाही. आणि आय-९४ वाढून आलं की लगेच लायसन्स वाढवायला जा, पॉलिसी जिवंत आणि लायसन्स मेलेलं अशी अवस्था फार वाईट.

नोकरी गेली तर? हा प्रश्न तू लिहिला नाहीस पण दोन ओळींच्या मधे दिसला. एच-वन-बीवर नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात आवरून निघायचं झालं तर आधी गाडी विक, विकल्याचं आरटीओला म्हणजे तिथल्या डीएमव्हीला कळव, आणि मग पॉलिसी बंद कर. ह्या क्रमाने. पॉलिसी आधी बंद आणि गाडी अजून तुझ्या नावावर असं नको. न वापरलेल्या दिवसांचे पैसे परत येतात, एखादी कंपनी थोडे कापते. तेव्हा टेंपररी आहे म्हणून स्वतःच्या नावावर कशाला, हा विचारही सोडून दे.

दोन-तीन कंपन्यांनी लायसन्स आल्यावरही नाहीच म्हटलं तर टेक्ससमध्ये टायपा म्हणून योजना आहे, निदान दोन कंपन्यांनी नाकारलेल्या माणसाला तिथून कायद्यापुरती पॉलिसी मिळते. महाग आहे, आणि तुझ्यावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही.

खेड-दापोलीकडची जी मुलं दुबई-शारजाहून लिहितात त्यांच्यासाठी ह्यातलं निम्मं गैरलागू आहे. तिकडे पॉलिसीशिवाय गाडीची मुलकिया म्हणजे नोंदणीच रिन्यू होत नाही, त्यामुळे घ्यावी की नाही हा प्रश्न नाही, पण दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवायची खोड तिकडेही आहेच.

बाबांचं गाडी चालवणं. पाहुणा म्हणून आलेला माणूस इकडचं लायसन्स आणि आयडीपी घेऊन चालवू शकतो, पण पॉलिसी त्यांना झाकते का हे कंपनीला आधी विचार, ईमेलवर, उत्तर जपून ठेव. महिनाभर घरात राहणाऱ्याचं नाव कळवा असं बऱ्याच कंपन्या म्हणतात. आणि पहिले दोन दिवस त्यांना रिकाम्या पार्किंगमध्येच चालवू दे, चाळीस वर्षं डाव्या बाजूने चालवलेला माणूस वळण आलं की हात आपोआप जुन्याच बाजूला वळवतो, त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता दादाला कोणत्या तोंडाने. मला वाटतं तू नाही म्हणायच्या ओझ्याने दबलीयस कारण त्याच्या उपकाराची परतफेड म्हणजे त्याचं ऐकणं असं तू धरून चाललीयस. तो मदत करायला बघतोय, त्याला मदत करू दे, फक्त कामाची. टेक्ससच्या ड्रायव्हिंग टेस्टला गाडी आपणच न्यावी लागते, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स चालू असलेली, नाहीतर परत पाठवतात. तुझ्याकडे गाडी नाही, दादाकडे आहे. त्याला फोन कर आणि म्हण, "दादा, गाडी माझ्याच नावावर घेते, माझी हिस्टरी सुरू व्हायला हवी आणि उद्या काही झालं तर तुमच्यावर यायला नको. पण टेस्टला तुमची गाडी लागेल, आणि त्याच्या आधीचे दोन रविवार बाजूला बसाल का, मला ते पॅरलल पार्किंग काही जमत नाहीये." तू पत्रात लिहिलंयस की खरंच जमत नाहीये. मग खोटंही बोलावं लागत नाही.